अण्णांचं पाकीट आणि एकाचे पाच



मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. "ताई, माझे शंभर शेअर होते, त्यांचे पाचशे झाले. मुलानं कॉम्प्युटरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर घालून दिलंय. त्यात चारशे विकत घेतले असं लिहू का? पण पैसे तर मी दिलेच नाहीत!"

मी म्हटलं, खरेदी म्हणून अजिबात लिहू नकोस. मी इतक्या ठामपणे सांगितलं, कारण हीच चूक मी स्वतः करून बसले होते आणि ती निस्तरताना मला थेट माझ्या लग्नापर्यंत मागे जावं लागलं. लग्नापर्यंत गेल्यावर संस्थानापर्यंत जाणं आलंच. आमच्याकडे कुठलीही जुनी गोष्ट उकरली की खाली औंध संस्थान लागतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. औंध म्हटलं की हल्ली सगळ्यांना पुण्यातलं औंध आठवतं. माझं सासर ते औंध नव्हे. आमचं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, डोंगरावरच्या यमाईचं आणि पंतप्रतिनिधींचं. माझं माहेर कुंडलच्या बाजूला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथांच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळजणी तिथे जाऊन आल्या असतील. आज माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्या, पण माझ्या आजोबांच्या काळी दोन्ही एकाच राज्यात होती. औंध संस्थान म्हणजे एकसंध प्रदेश नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे तालुके एकमेकांपासून तुटक, मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. औंध साताऱ्यात राहिलं. कुंडल, आटपाडी १९४९ मध्ये नव्यानं झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं. त्याच जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. गुणदाळ आज कर्नाटकात आहे. आजोबा म्हणायचे, "गाव हललं नाही, विहीर हलली नाही, नुसता पत्ता बदलला." शेअरच्या विभाजनाबद्दल मला बी.कॉम.ला जे शिकवलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

या मुलखात शेअर हा शब्द घराघरात कसा पोचला, त्याचं उत्तर कुंडलच्या माळावर आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगावकडचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडी नांगरानं जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा लक्ष्मणरावांपुढे प्रश्न उभा राहिला की जायचं कुठे. ते औंधला बांधकामाच्या निमित्तानं येत असत. १९०९ मध्ये बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, गादीवर आले. चित्रं काढणारा, कीर्तन करणारा, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला हा राजा. औंधच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय त्यांचंच. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज देऊ केलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. १० मार्च १९१० ला तिथे मुक्काम पडला आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुढे स्टेशनचंही नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

नांगराची गोष्ट सगळे सांगतात. मला स्वतःला वहीची गोष्ट जास्त ओढ लावते, त्याला काय करणार, पदवीच कॉमर्सची! वाडीच्या सुरुवातीच्या मंडळींत शंभुराव जांभेकर होते, अनंतराव फळणीकर होते, आणि कारकुनी व हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे होते. भट्टी, साचे, नांगर यांच्या फोटोंत असा माणूस दिसत नाही, पण दहा हजारांतला कुठला रुपया कुठे गेला हे अशाच माणसाला ठाऊक असतं.

१५ जानेवारी १९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी म्हणून नोंदली गेली. घरच्या धंद्याची कंपनी झाली की वहीत काय फरक पडतो ते सांगते, कारण आपल्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. घरच्या धंद्यात तुम्ही पाच हजार घातले तर खतावणीत तुमच्या नावावर पाच हजार जमा दिसतात. कंपनीत तुमच्या नावावर दिसतात ते शेअर, म्हणजे संख्या. भागधारकांच्या रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, शेअर किती आणि त्यांचे क्रमांक कुठून कुठपर्यंत, एवढं असतं. कंपनीकडून तुम्ही थेट घेतलेत तर तिला निदान पहिली रक्कम माहीत असते. पण तुम्ही ते दुसऱ्या कुणाकडून बाजारातून घेतलेत, तर काय भावानं घेतलेत हे कंपनी विचारत नाही आणि लिहीतही नाही. तिला त्याच्याशी कर्तव्यच नाही. संख्या तिच्या वहीत आणि मूळ किंमत तुमच्या वहीत, अशी ही वाटणी पहिल्या दिवसापासून आहे. आजच्या डिमॅटमध्येही तेच. जुने कागद डिमॅट केलेत तर पत्रकात संख्या येते, आजचा बाजारभाव येतो, पण तुमच्या वडिलांनी १९८० च्या सुमाराला काय मोजलं होतं ते कुठून येणार?

जाता जाता एक सांगते, आपल्याला आवडेल असं. याच माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि १९३० मध्ये 'स्त्री' मासिक. पुढे हे सगळं पुण्याला गेलं. माझ्या आजीला सही करण्यापुरतं लिहिता येई, पण 'स्त्री' ती दुसऱ्याकडून वाचून घेई.

आता पाकीट. माझं लग्न १९८४ चं. भांडीकुंडी, दागिने झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक खाकी पाकीट हातात दिलं. त्यात एका इंजिनिअरिंग कंपनीचे पन्नास शेअर होते, दहा रुपये दर्शनी मूल्याचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण लगेच "आम्हीही घेऊ का" असे फोन येतील. पाकिटाच्या पाठीवर अण्णांचं वळणदार अक्षर: खरेदीची तारीख, भाव ३६, एकूण १८००, दलाली १८, बेरीज १८१८. सासरी कुणीतरी हसलं होतं, लेकीला दिलेल्या वस्तूवर किंमत कशाला लिहायची म्हणून. मलाही त्या वेळी जरा ओशाळल्यासारखं झालं. कायदा मात्र अण्णांच्या बाजूनं आहे. शेअर भेट मिळाले तर भेट घेणाऱ्याची किंमत शून्य धरत नाहीत, देणाऱ्यानं जी मोजली तीच पुढे चालते, आणि त्यानं घेतल्याची तारीखही. म्हणजे पाकीट टाकून दिलं असतं तर शेअर राहिले असते आणि त्यांचा इतिहास गेला असता.

१९९३ मध्ये त्या कंपनीनं एकास एक बोनस दिला. पन्नासाचे शंभर झाले. रजिस्टर्ड पोस्टानं नवं सर्टिफिकेट आलं, तेही मी त्याच पाकिटात घातलं. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला. आम्ही १९९९ मध्ये शेअर डिमॅट केले, कागद गेले, पाकीट राहिलं. मग २०२१ मध्ये कंपनीनं दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच केले. शंभराचे पाचशे!

इथे मामेबहिणीसारखीच मीही गोंधळले. पन्नासाचे शंभर झाले तेव्हाही संख्या वाढली, शंभराचे पाचशे झाले तेव्हाही संख्याच वाढली, दोन्ही वेळा आपण पैसा दिला नाही. मग फरक काय?

विभाजनात शेअरच तुटतो. दहाची नोट मोडून दोनच्या पाच नाणी घेतली, एवढंच. जुनी किंमत पाच तुकड्यांत सारखी वाटली जाते आणि धारणकाळ, म्हणजे शेअर आपल्याकडे कधीपासून आहेत ती तारीख, मूळचीच राहते. बोनसमध्ये कंपनी आपल्या साठवलेल्या नफ्यातलं काही भांडवलात घालते आणि त्यापोटी खरोखरच नवे शेअर देते. त्यांची तारीख नवी. त्यांची किंमत किती धरायची, यावर आपल्या देशात पुष्कळ वाद झाला. १९६४ मध्ये दालमिया इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुन्या शेअरची किंमत जुन्या आणि बोनस अशा दोन्हींवर वाटून धरावी. हाच नियम तीस वर्षं चालला. मग १९९५ च्या वित्त कायद्यानं तो फिरवला: बोनसची किंमत शून्य, आणि मूळ शेअरची सगळी किंमत मूळ शेअरकडेच. आम्ही कॉलेजात शिकलो ते जुनं उत्तर होतं. माझ्या वयाच्या बी.कॉम. बायकांनो, तुम्हीही सावध राहा.

म्हणजे माझ्या पाचशे शेअरची फोड अशी: मूळ पन्नासाचे झाले २५०, त्यांच्यावर १८१८ रुपये, म्हणजे एकास ७ रुपये २७ पैसे. बोनसच्या पन्नासाचे झाले २५०, त्यांच्यावर शून्य. बेरीज केली तर १८१८ च. अण्णांनी मोजले तेवढेच, ना एक रुपया कमी ना जास्त. ही बेरीज जुळली की समजायचं विभाजन बरोबर लिहिलंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काय केलं होतं? मुलानं ग्नूकॅश घालून दिलंय. फुकट आहे आणि आपल्या खतावणीसारखंच जमा-नावेवर चालतं, म्हणून मला पटकन जमलं. मी मोठ्या हुशारीनं २०२१ च्या तारखेला "४०० शेअर खरेदी, भाव शून्य" अशी ओळ लिहिली. संख्या पाचशे दिसली, मी खूश. पण त्या बिचाऱ्या यंत्राला वाटलं की जुने शंभर शेअर जसेच्या तसे आहेत, त्यातल्या पन्नासांवर १८१८ आहेत आणि चारशे शेअर २०२१ मध्ये कुणीतरी फुकट दिले. किंमत पाच जागी वाटली गेलीच नाही, आणि चारशे शेअरची तारीखही चुकली. खरं तर विभाजनासाठी त्यात वेगळी सोय आहे. स्टॉक स्प्लिट अशा नावानंच आहे. तिथे वाढलेली संख्या लिहायची, म्हणजे ४००. पाचशे नाही आणि पाचही नाही. रक्कम शून्य राहते आणि यंत्राला कळतं की ही खरेदी नव्हे. पूर्वीच्या वह्यांत आपण बाजूला तांबड्या शाईनं शेरा मारायचो, तसाच प्रकार.

माझी दुसरी चूक याहून चोरट्या पावलानं आली. सॉफ्टवेअरमध्ये बाजारभावांची वेगळी यादी असते. विभाजन लिहिलं आणि नवा भाव भरायला विसरलं, तर पाचशे शेअरना जुना, एका अखंड शेअरचा भाव लागतो आणि एका रात्रीत आपण पाचपट श्रीमंत होतो. यजमानांना मी तो आकडा दाखवला तर ते म्हणाले, "मग आता दुकान बंद करू का?" उलट, नवा भाव आधी भरला आणि विभाजन लिहायचं राहिलं, तर आलेख एकदम दरीत कोसळतो. दोन्ही वेळा काहीही झालेलं नसतं.

हसण्यावारी गेलं, पण विकायची वेळ आली तेव्हा तीच चूक कराच्या कागदावर उतरू पाहत होती. जानेवारी २०२३ मध्ये घराच्या छपराच्या कामाला पैसे हवे होते. मी तीनशे शेअर ३१० रुपयांनी विकले, आले ९३,००० रुपये. शेअर बाजारात विकलेल्या जुन्या शेअरवरच्या नफ्याला २००४ पासून कर नव्हता, तो १ एप्रिल २०१८ पासून पुन्हा आला. पण आधीचा नफा सोडून द्यावा म्हणून सवलत ठेवली: ३१ जानेवारी २०१८ चा सर्वांत वरचा भाव मूळ किमतीच्या जागी धरता येतो, फक्त तो विक्रीच्या भावाहून जास्त असेल तर विक्रीचाच भाव धरायचा. माझ्या शेअरचा त्या दिवशीचा भाव होता ११५०. मी तोच धरला. ११५० हे ३१० पेक्षा जास्त, म्हणून किंमत ३१०, म्हणून नफा शून्य. झालं काम.

रात्री अंथरुणावर पडल्यावर खटकलं. जो शेअर ११५० चा होता, तो मी विकलाच नव्हता. मी विकला त्याचा पाचवा हिस्सा. ११५० भागिले पाच, म्हणजे २३०. तीनशे शेअरचे ६९,००० आणि नफा २४,०००. उठून दिवा लावला आणि पुन्हा मांडलं. त्या वर्षी म्युच्युअल फंडातला ९६,००० रुपयांचा नफा आधीच होता. दोन्ही मिळून १,२०,०००. तेव्हा करमुक्त मर्यादा होती एक लाख. दुकानाचं भाडं आणि ठेवींचं व्याज धरून माझं बाकीचं उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर होतंच, त्यामुळे उरलेल्या २०,००० वर दहा टक्के म्हणजे २,०००, आणि त्यावर उपकर ८० रुपये. माझ्या पहिल्या हिशेबानं हा कर शून्य होत होता. २,०८० रुपयांनी सरकार बुडालं नसतं हे खरं. पण चौकटीखाली सही माझी होती, आणि अचौर्य अणुव्रत घेतल्याचं मी दर वर्षी बोलून दाखवते. जुलैत विवरणपत्र भरताना २३० लिहिले.

ही चूक करणं सोपं का आहे, तेही सांगते. दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयसिन क्रमांकही बदलतो. २०१८ च्या भावांच्या यादीत जुना क्रमांक असतो, तुमच्या डिमॅटमध्ये नवा. दोघांची गाठ घालताना पाचानं भागायचं कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. २३ जुलै २०२४ पासून हा कर साडेबारा टक्के झालाय आणि मर्यादा सव्वा लाख, पण भागाकार तसाच आहे.

हे सगळं एवढं वाढलं कशामुळे? १९९९ पर्यंत आपल्याकडच्या शेअरची दर्शनी मूल्यं बहुतेक दहा किंवा शंभर रुपयांचीच असत. त्या वर्षी सेबीनं कंपन्यांना मूल्य स्वतः ठरवायची मुभा दिली, मात्र ते रुपयापेक्षा कमी नको आणि त्यात पैसे नकोत. मग लाटच आली. आमच्या वाडीच्या किर्लोस्कर ब्रदर्सचा शेअरही आज दोन रुपयांचा आहे. पण या खेळाचं सगळ्यांत मोठं उदाहरण महाराष्ट्रात आहे ते खानदेशात, अमळनेरला. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. आजची विप्रो. गावातल्या पुष्कळ घरांत तिचे शेअर होते आणि आहेत. कुणाकडे १९९९ च्या विभाजनाआधी दहा रुपयांचे फक्त तीन शेअर होते असं धरा. विभाजनानं झाले १५. २००४ मध्ये एकास दोन बोनस, झाले ४५. २००५ मध्ये एकास एक, ९०. २०१० मध्ये तिनास दोन, १५०. २०१७ मध्ये एकास एक, ३००. २०१९ मध्ये तिनास एक, ४००. २०२४ मध्ये एकास एक, ८००. तिनाचे आठशे! आणि या आठशेंत मूळ खरेदीची किंमत बसलीय फक्त पहिल्या पंधरांवर. बाकीचे ७८५ बोनसचे, त्यांची खरेदी शून्य. २०१८ आधीच्या बोनसना त्या दिवसाच्या भावाचा आधार मिळतो, नंतरच्यांना तोही नाही. शिवाय डिमॅटमधून विकताना आधी आलेले आधी गेले असंच धरावं लागतं, आवडते निवडता येत नाहीत. म्हणजे किंमत असलेले पंधरा सगळ्यांत आधी जातात.

त्याहून अवघड प्रकार कंपनीच दुभंगते तेव्हाचा. त्यासाठी पुन्हा आमच्या किर्लोस्करांकडे यावं लागतं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. २०१० मध्ये तिचा इंजिनांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत गेला. त्या नव्या कंपनीनं ऑइल इंजिन्स हे नाव घेतलं, आणि जुनी कंपनी किर्लोस्कर इंडस्ट्रीज या नावानं राहिली. म्हणजे एखाद्या आजीच्या पाकिटावर जे नाव लिहिलंय, ते आज दुसऱ्याच कंपनीचं आहे. अशा वेळी मूळ किंमत दोन्हींत वाटायची, पण सारखी नाही आणि बाजारभावानंही नाही. जी मालमत्ता गेली तिची पुस्तकी किंमत आणि जुन्या कंपनीची एकूण निव्वळ संपत्ती यांच्या प्रमाणात. हे प्रमाण आपण घरी काढू शकत नाही, कंपनी टक्केवारी कळवते. ते पत्र जपून ठेवा, लाभांशाच्या चिठ्ठ्यांबरोबर रद्दीत जाऊ देऊ नका.

माझ्या सासूबाईंची एक गोष्ट या विषयात बसते. त्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य सगळ्याची मर्यादा एका छोट्या वहीत लिहिलेली. इतके तोळे, इतकी लुगडी, आणि शेअर शंभर. २००६ मध्ये त्यांच्या एका कंपनीचं विभाजन झालं आणि शंभराचे पाचशे झाले. चार दिवस त्या जेवल्या नीट नाहीत. मी दहाच्या नोटेचं उदाहरण दिलं, बेरीज करून दाखवली. त्या म्हणाल्या, "तुझं गणित बरोबर असेल, पण मी शंभर लिहिलंय." दशलक्षण पर्वात त्यांनी ती ओळ खोडली आणि नवी लिहिली: शेअरांत घातलेली रक्कम इतकी, तिच्यापुढे नाही. मी विचारलं, बाजारभाव का नाही लिहिला? "भाव बाजाराच्या हातात. मी किती घालते ते माझ्या हातात." सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या.

मामेबहिणीचं उत्तर फोनवर दिलंच आहे, पण तिनं सांगितलं ते इथेही लिहिते: विभाजन झाल्याची तारीख लिही, किती वाढले ते लिही, रक्कम शून्य ठेव, आणि शेवटी वडिलांनी मोजलेली बेरीज तेवढीच येते का ते बघ. नसेल येत तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघ, रात्री नको. २०१८ चा भाव घ्यायचा असेल तर आधी भागाकार. आणि यजमानांच्या, सासऱ्यांच्या नावावरच्या शेअरची मूळ किंमत ते आहेत तोवर विचारून घे. आमच्या नात्यात एकीला ते गेल्यावर कपाटातल्या सगळ्या डायऱ्या उलट्यापालट्या कराव्या लागल्या, आणि सापडली ती दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर.

माझ्याकडे आता दोनशे शेअर उरलेत. ते या दिवाळीत नातीच्या नावावर करायचं ठरवलंय. निर्वाणाच्या दिवशी वहीपूजन झालं की तिला पाकीट द्यायचं, तेच अण्णांचं, खाकी. फाटलंय म्हणून मागून कागद चिकटवलाय. पाठीवर अण्णांच्या ओळींखाली मी माझ्या ओळी लिहिल्या: १९९३ बोनस पन्नास, २०२१ एकाचे पाच, २०२३ विक्री तीनशे. आधी आलेले आधी गेले, म्हणून मूळचे अडीचशे आणि बोनसचे पन्नास संपले. उरलेले दोनशे सगळे बोनसचे. समोर खरेदी किंमत शून्य, आणि ३१ जानेवारी २०१८ चा भाव ११५० भागिले ५.

परवा ती सुट्टीला आली होती, तिनं टेबलावर पाकीट पाहिलं. "आजी, शून्य रुपयांची भेट?"

तिला शेजारी बसवलं आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. अण्णांचा ३ तिला ८ वाटला.